हात पाठीमागे बांधून शिकवणाऱ्या मगदूम बाई

सुमन मगदूम बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या खिचडीच्या चुलीपाशी. कोल्हापूर शहरातून बदली होऊन मी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका प्राथमिक शाळेत नुकतीच हजर झाले होते. चौथीचा अख्खा वर्ग स्वयंपाकाच्या मावशींना गराडा घालून उभा होता आणि एक मुलगी थेट साहेबी थाटात विचारत होती, "मावशी, तुमास्नी कामात कशाचा तरास हुतोय?" मावशींनी ढवळणं न थांबवता सांगून टाकलं, "तुमचाच हुतोय की! सरका जरा तिकडं." मुलं खो खो हसली. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "सांगितलं की त्यांनी. पोरं चुलीला चिकटत्यात, ह्यो तरास. मग आता काय करायचं?" पुढचे काही दिवस वर्ग विटा आणि खडूच्या रेघा घेऊन ताटांच्या रांगेची नवी वाट आखत होता. पहिली वाट नेमकी उन्हात गेली, म्हणून ती पुसून दुसरी आखली. मला वाटलं, काहीतरी तपासणी असावी. वस्तू आणि सोयी कशा घडवाव्यात, हा विषय बाई असा शिकवतात, हे मला नंतर कळलं.

बाई आता वयाची साठ वर्षं पूर्ण करत आहेत. प्राथमिक वर्गात डिझाइन आणि डिजिटल तंत्रज्ञान शिकवण्याच्या त्यांच्या कामाबद्दल लिहा, असं या गौरव अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं आहे. ते मी लिहितेच. पण या लेखात माझा स्वार्थ आहे, हेही आधीच सांगून मोकळी होते. निवृत्तीनंतर बाईंनी आमच्या शाळेत पाऊल ठेवलेलं नाही. आम्ही बोलावलं, पोरांनी बोलावलं, सरपंचांनी गाडी पाठवतो म्हटलं. बाई कोल्हापुरात लेकाकडे राहतात, तासाभराची वाट आहे, तरी येत नाहीत. त्यांनी एकदा तरी यावं म्हणून चार लोकांसमक्ष त्यांना अडचणीत आणण्याची ही संधी मी सोडणार नाही.

मी आले तेव्हा शाळेत एकच संगणक होता आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असे. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, एरवी त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बाईंनी ते कापड काढून धुवायला टाकलं आणि संगणक वर्गात आणला. "बिघडला तर?" असं सरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "झाकून ठेवून तरी कुठं सुधारलाय, सर?" पुढे गावाच्या वर्गणीतून टॅब आले, तेव्हाही त्यांनी ते पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात दिले. स्वतःचे हात मात्र त्यांनी पाठीमागे बांधून घेतले. ही त्यांची कायमची रीत होती. मूल चुकत असलं, नको तिथे बोट दाबत असलं, तरी बाई हात पाठीमागे ठेवून शेजारी उभ्या राहत आणि एवढंच विचारत, "तुला काय व्हायला हवं हुतं? आणि काय झालं?" आपल्याकडे बहुतेक मोठी माणसं मुलाच्या हातातली वस्तू हिसकावून "हे बघ असं" म्हणून मोकळी होतात. मीही त्यातलीच होते.

यंत्राला आज्ञा कशी द्यायची हे शिकवताना त्या स्वतःच यंत्र होत. एकदा मुलांनी या यंत्राकडून सरांसाठी चहा करून घ्यायचं ठरवलं. "साखर घाल," एवढंच कुणीतरी म्हणालं. यंत्राने डबा उपडा केला आणि ढिम्म उभं राहिलं. वर्गात हलकल्लोळ झाला. किती घालायची, कधी थांबायचं, हे आपण सांगितलंच नाही, हा शोध मुलांनी त्या गोंधळात लावला. सरांनी तो पाक निमूटपणे प्यायला, याचीही इथे नोंद व्हायला हवी.

तालुक्याच्या प्रदर्शनात इतर शाळांच्या टेबलांवर पालकांनी केलेली गुळगुळीत, रंगवलेली मॉडेल्स असत. आमची खोकी वाकडी, डिंकाचे ओघळ दिसणारी. परीक्षक पुढे निघून गेले की माझा चेहरा पडे. बाई म्हणत, "वाकडं असू दे की गं. पोरांचं हाय." बक्षीस एकदाही मिळालं नाही आणि बाईंना त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

पुराच्या वर्षाचा प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गाव उंचावरच्या एका मंगल कार्यालयात हललं होतं आणि जनावरं तिथून लांब, एका मोकळ्या आवारात बांधली होती. छावणीतल्या म्हाताऱ्या माणसांना घास गिळेना, जनावरांचं कसं चाललंय म्हणून. चौथीच्या पोरांनी ठरवलं, टॅबवर म्हशींचे फोटो काढून आणू. बाईंबरोबर जाऊन त्यांनी आणलेही, एकेका म्हशीचा पासपोर्टला लावावा तसा समोरून चेहरा! एका आजींनी टॅब डोळ्यांशी धरला आणि वैतागून म्हणाल्या, "आरं, तोंडावरनं म्हस वळखत्यात व्हय? शिंगं दावा, कास दावा." दुसऱ्या दिवशी पोरं आजींना नीट विचारून पुन्हा गेली. शिंगं, कास, शेपूट, सगळं टिपलं आणि आवाजासकट चित्रीकरणही केलं. म्हैस रेकली तशी आजींनी पदर डोळ्यांना लावला. "माझीच हाय. बरी हाय," म्हणाल्या आणि त्या दुपारी पोटभर जेवल्या.

बाई स्वतः दुभत्याच्या घरातल्या. म्हैस कशी ओळखतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? मी विचारलंच. "सांगितलं असतं तर एक हेलपाटा वाचला असता," त्या म्हणाल्या, "पर पोरांनी आजीला इचारलं नसतं."

माझ्या आईच्या आजारपणात मी रजेवर होते. बाई स्वतःच्या वर्गाबरोबर माझाही वर्ग सांभाळत होत्या, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. रोज शाळा सुटताना मात्र माझ्या फोनवर मुलांच्या आवाजातला एक छोटा निरोप येई. आज आम्ही काय केलं, काय फसलं, कोण रुसलं. आईने या मुलांना कधी पाहिलं नव्हतं. तरी दवाखान्यात संध्याकाळ झाली की ती विचारायची, "पोरं काय म्हणत्यात गं आज?" आई गेली. ते निरोप मी जपून ठेवले आहेत आणि बाईंना मी त्याबद्दल कधी नीट धन्यवादही दिले नाहीत. इथे देते.

आता चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. मध्यंतरी मी बाईंच्या घरी जाऊन भांडलेच, का येत नाही म्हणून. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्या 'येतो, जातो' असं बोलतात. म्हणाल्या, "मी आलो की पोरं तुझ्याकडं बघायची सोडून माझ्याकडं बघणार. तूबी माझ्याकडंच बघणार. मग तू तुझ्या मनानं कवा शिकवणार?" घरी येऊन मी रडले.

यंदा वर्गात एक मुलगी आहे, तिला कमी ऐकू येतं. मधली सुट्टी झाल्याचं तिला कळत नसे. पोरांनी खपून तिच्यासाठी घंटेबरोबर पेटणारा दिवा बसवला आणि अभिमानाने मला बोलावलं. घंटा झाली, दिवा लख्ख पेटला, तो तिच्या बरोब्बर पाठीमागे! ती आपली शांतपणे फळ्याकडे बघत बसलेली. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. थोड्या वेळाने पोरांनीच कपाळाला हात लावला आणि दिवा काढून फळ्याच्या वर नेला. मला इतकं हसू आलं की मी सवयीने शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

बाई, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे कुरकुर न करोत, नजर अशीच राहो, नातवंडं आपलं घर रोज उलटंपालटं करोत. शाळेचं आपल्यावाचून काही अडलेलं नाही, हे आपल्या समाधानासाठी खरं खरं लिहिते. पोरं चुकताहेत, विचारताहेत, पुन्हा करताहेत आणि मलाही बऱ्यापैकी जमतंय. अडलंय ते माझं. तेव्हा शिकवायला येऊ नका, बघायलाही येऊ नका. माझ्या शेजारी उभं राहून नुसतं हसायला या.