माझ्या नावाखाली उघडणारी तिची पाने

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही—पत्नीलाही नाही. आज सांगतो, कारण डहाणूत माझ्याविषयी एक दयाळू समज पसरला आहे आणि तो मला मान्य नाही. म्हणे, मास्तर जुन्या वळणाचे. त्यांची विद्यार्थिनी मनीषा, तिच्या वेबसाइटची पाने त्यांच्या नावाखाली दिसली ती अजाणतेपणी, बिचाऱ्यांना ते तंत्र येत नव्हते.

येत नव्हते? निवृत्तीनंतर मी इथे संगणकाचा वर्ग चालवला. फ्रेम, म्हणजे वेबसाइटचा पडदा चौकटींत विभागायची पद्धत, मी फळ्यावर आखून शिकवत असे—वर नावाची पट्टी, डावीकडे लिंकची यादी, उजवीकडे मजकुराची चौकट. लिंकला उजव्या चौकटीचे टार्गेट दिले की पान तिथे उघडते. पान दुसऱ्याच्या वेबसाइटवरचे असेल, तर टार्गेट ‘टॉप’ लिहायचे. मग आपल्या चौकटी हटतात आणि ते पान स्वतःच्या पत्त्यासह पूर्ण खिडकीत उघडते. हे माझ्याकडे न शिकलेला एक विद्यार्थी दाखवा!

मनीषा त्यांतलीच, धाकटी डहाणू गावची. २०१५ साली तिने स्वतःची वेबसाइट केली—खाडीतली जाळी, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आईचा मासळीबाजार. तसे मला लिहिता आले नसते. तालुक्यावरच्या माझ्या वेबसाइटवर मी तिची लिंक दिली; टार्गेट मात्र माझ्याच चौकटीचे. वर माझे नाव, खाली तिची पाने, पत्ताही माझाच. तलासरीपासून वाणगावपर्यंतचे लोक अभिनंदनाचे फोन करू लागले. मी—मी आभार मानले.

तिने एकदा वर्गात विचारले, “सर, माझं पान मोकळं उघडू द्या ना. आई म्हणते, बोंबील आपले नि नाव मास्तरांचं कसं?”

“मग बोंबलांवर नाव लिहून वाळत घाला,” मी म्हणालो. वर्ग हसला. तीही हसली, थोडी.

एवढेच ना, असे तुम्ही म्हणाल. एवढेच असते तर मी लिहिले असते का?

पुढे ती बोईसरला, वेबसाइट करून देणाऱ्या एका कार्यालयात मुलाखतीला गेली. आपले काम म्हणून तीच पाने दाखवली. मालकाने ती आधी माझ्या नावाखाली पाहिली होती. त्याने तिच्यासमोरच मला फोन लावला.

“मास्तर, तुमची विद्यार्थिनी बसलीय इथे. म्हणते, हे सगळं तिनं केलंय. तुमचंच ना हे?”

ती ऐकत होती. मला ठाऊक होते. तिकडच्या पंख्याची घरघरसुद्धा मला ऐकू येत होती—मग तिला माझा आवाज येत नसेल?

“माझंच,” मी म्हणालो.

नोकरी तिला मिळाली नाही. वर्गात ती पुन्हा आली नाही. त्या फोनविषयी ती कुणाशी बोललेली दिसत नाही. नाहीतर ही दया माझ्या वाट्याला कुठून आली असती?

२०१८ साली मी त्या लिंकमध्ये ‘टॉप’ हा एक शब्द घातला. चौकटी हटल्या, पूर्ण खिडकी मोकळी झाली—आणि पडद्यावर आले, असे पान अस्तित्वात नाही. तिने सगळे केव्हाच काढून टाकले होते.

मास्तरांना येत नव्हते, हे खोटे आहे. मला येत होते.