स्वतःलाच बोलावणारं फंक्शन

"हे तुझं नाही," सर म्हणाले. माझं जर्नल त्यांनी हातात दिलं नाही. टेबलावरून खाली टाकलं. सगळ्या बॅचसमोर. "कुणाचं उतरवलंस?"

जुन्नरचं कॉलेज. दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं. मी मढ गावाच्या वरल्या अंगाच्या वाडीची. वाडीतून कॉम्प्युटर शिकायला आलेली पहिलीच. राहायला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात.

जर्नलमधला प्रश्न साधा होता. मजकूर आखूड करून दिलेला. ए चार, बी तीन. तो उलगडायचा. चार वेळा ए, तीन वेळा बी. बाकीच्यांनी लूप लावला, म्हणजे आकडा मोजत तीच पायरी फिरवत राहायची, सरांनी शिकवलं तसं. मी एक फंक्शन लिहिलं, प्रोग्रामचा एक छोटा तुकडा. ते पहिलं अक्षर आणि त्याचा आकडा घेतं, तितक्या वेळा अक्षर छापतं, आणि उरलेला मजकूर परत स्वतःलाच देतं. काही उरलं नाही की थांबतं. रिकर्जन म्हणतात त्याला. सहा ओळी.

बाकीच्यांच्या घरी कॉम्प्युटर. मला मशीन मिळायचं आठवड्यातून एकदा, तेही दोघींत एक. म्हणून प्रोग्राम आधी वहीत चालवून बघायचा. पेन्सिलीनं. लूपमधले आकडे कागदावर हरवायचे. माझ्या फंक्शनात काही हरवत नव्हतं. उरलेला मजकूर खाली लिहीत जायचं, तो आपोआप आखूड व्हायचा. लायब्ररीतल्या फाटक्या पुस्तकातून शिकले. तीन आठवडे गेले त्यात.

मी म्हणाले, "सर, मीच लिहिलंय. विचारा ना, सांगते."

एक प्रश्न विचारला नाही त्यांनी.

"कोट्यातनं आलीयेस. पास होण्यापुरतं कर. उगाच हुशारी नको."

मागं कुणीतरी हसलं. सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "उतरवलं म्हणून लिहून दे. पास करतो."

मी पेन घेतलं. खरं सांगते, घेतलं. दमले होते. फॉर्म भरताना, स्कॉलरशिपच्या खिडकीवर, मेसच्या रांगेत, दोन वर्षं हेच ऐकत होते. एक ओळ लिहिली की सुटका. 'मी' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना.

"न्हाई लिहिणार."

वाडीची बोली. कॉलेजात पहिल्यांदाच तोंडातून निघाली.

सरांनी प्रॅक्टिकलला नापास केलं.

घरी गेले. बा म्हणाला, "द्यायचं व्हतं लिहून, पोरी. आपलं काय जात व्हतं?"

"माझं डोकं जात व्हतं, बा."

त्यानं माझी वही उघडली, पानं उलटली. मग म्हणाला, "आमाला त्यातलं काय कळत न्हाई. तुला कळतं, तर बस परत परीक्षेला."

ऑक्टोबरात परत बसले. परीक्षक तेच सर, प्रश्नही तोच. मैत्रीण कानाशी म्हणाली, "लूप लाव ना राव, लई अंगावर घेऊ नको." तिचं चुकत नव्हतं. मी तेच फंक्शन लिहिलं. सर मागं येऊन उभे राहिले. मी खुर्ची वळवली.

"विचारा, सर. विचारल्याशिवाय मी उठत नाही."

दोन प्रश्न विचारले त्यांनी. दोन्हींची उत्तरं दिली. काठावर पास केलं.

आनंद झाला नाही. तोवर पुढच्या वर्गाचे प्रवेश संपले होते, वर्ष गेलं ते गेलंच. आज नोकरीतही कुणीतरी विचारतंच, हे कुणी करून दिलं म्हणून. अजून दमते मी. पण येतं ते लपवून पास होणं मला जमणार नाही. जमवून घेणारही नाही.