मागून आवाज येता कामा नये

ऑफिसात जाणाऱ्यांचं बरं असतं. सकाळी घडलेला किस्सा दुपारच्या चहाला सांगून मोकळं होता येतं. घरून काम करणारीनं कुणाला सांगायचा? भिंतीला सांगावा तर भिंतीपलीकडे सासूबाई! मग ते किस्से साठत जातात, दोरीवरून काढून खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांसारखे. म्हटलं, आज बसून घड्या घालू.

मी भिंगारला राहते. वॉशिंग मशीनच्या एका कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकते, घरून. टीममध्ये नगर जिल्ह्यातल्या आम्ही तिघी. मी, काष्टीची ज्योती आणि शिंगणापूरची स्वाती. आमच्या टीम लीडर रेणुका मॅडम पुण्याला. नियम ढीगभर, पण सगळ्यांत मोठा एकच. कॉल चालू असताना मागून घरचा आवाज येता कामा नये. आला की क्वालिटीचे मार्क जातात, आणि मार्कांवर पगार.

सुरुवातीचे महिने असे कच्चे काढायचे. मग एक दिवस मॅडम स्वतः लाईनवर बसून एक कॉल ऐकणार. पास झालं तर नोकरी पक्की, ठरलेला पगार, घरूनच. नापास झालं तर पुण्याच्या ऑफिसात या, नाहीतर सोडा. सोडणं परवडणार नव्हतं. म्हणजे मी पुण्यात खोली करून, आणि माझी चार वर्षांची ओवी भिंगारला आजीपाशी. भेट रविवारी.

आणि ओवी म्हणजेच तर मागून येणारा आवाज! या काळजीनं माझी झोप उडाली होती. शेजारी ती गाढ झोपलेली, आणि मी मनातल्या मनात कॉल घेतेय. मनातल्या कॉलमध्येसुद्धा ती मधे बोलायचीच.

*

सासूबाईंना मी आत्या म्हणते. माणूस मायाळू. पण कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसणं म्हणजे काम, हे त्यांना पटता पटत नव्हतं. पाहुणे आले की अभिमानानं सांगायच्या, "सून घरीच आसती, काय काम नसतं तिला."

एकदा ऐन कॉलमध्ये बाहेरून हाक आली, "अगं, पाव्हणं आल्यात. च्या टाक!"

मी गार. गेले मार्क! तेवढ्यात पलीकडचे नाशिकचे काका म्हणाले, "टाका टाका, ताई. मी थांबतो. आमच्याकडे पण असंच असतं."

पहिला पगार झाला तेव्हा मी पेढे आणून आत्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी एक पेढा उलटसुलट करून बघितला.

"घरात बसायचं पैसं देत्यात?"

"हो आत्या."

"मग माझं बी इच्यार की तुझ्या मॅडमला. मी लगीन झाल्यापास्नं घरीच हाय. मागचं धरून देत्याल का?"

मी हसले. आत्या हसत नव्हत्या.

*

पगारावरून आठवलं. घरून काम करणारीला पुण्याच्या ऑफिसात बसणारीपेक्षा कमी पगार. काम तेच, शिव्या त्याच, पगार कमी! असं का, हे समजावायला एचआरच्या सरांनी ऑनलाईन मीटिंग घेतली.

सर फार गोड बोलले. "तुमचं बसचं भाडं वाचतं. डबा वाचतो. शिवाय फॅमिलीसोबत वेळ मिळतो, त्याची किंमत पैशात करता येत नाही."

माझ्या मनात बरंच काही आलं. नेटचं बिल आलं, इन्व्हर्टर आला, ओवीला गप्प ठेवण्यासाठी आणलेल्या बिस्किटांचे पुडे आले. पण मी पडले भित्री. "येस सर" म्हणून मोकळी झाले. मीटिंगमध्ये माझं ठरलेलं वाक्य ते एकच.

ज्योती मात्र गप्प बसणारी नाही. तेवढ्यात सरांच्या मागून कुकरची शिट्टी झाली. एक, मग दुसरी.

ज्योतीनं अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही पण घरूनच ना? मग तुमचा किती कापतात?"

सरांचं नेट त्याच क्षणी गेलं!

*

ज्योतीचं घर काष्टीच्या गुरांच्या बाजाराला लागून. बाजाराच्या दिवशी ती खिडकीत गोधडी कोंबून बसते. एकदा गोधडी होती, खिडकी बंद होती, तरी भर कॉलमध्ये एक म्हैस रेकली. साधीसुधी नाही, पार लांबवून.

पलीकडे ठाण्याचे एक आजोबा. दचकून म्हणाले, "ताई, मागं म्हैस आहे का?"

अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. ज्योतीनं तेच म्हटलं. "क्षमा करा सर, थोडी तांत्रिक अडचण आहे."

"तांत्रिक नाही हो, दुभती आहे! आवाजावरून कळतं मला."

मग आजोबा पंधरा मिनिटं लहानपणच्या म्हशीबद्दल बोलले. मशीनचं विचारलं तर नळच बंद निघाला. खूश होऊन त्यांनी ज्योतीला पैकीच्या पैकी स्टार दिले. पण क्वालिटीवाल्यांनी शेरा मारला, 'मागे जनावराचा आवाज', आणि मार्क कापले.

ज्योतीनं लगेच तक्रार टाकली, "म्हैस आमची नाही. विकायला आली होती."

मार्क काही परत मिळाले नाहीत. क्वालिटीतल्या एकाची चौकशी तेवढी आली, "कितीला गेली?"

*

ज्योतीला बघायला पाहुणे आले तेव्हाचीही एक गंमत. मुलगी पदवीधर, नोकरी घरून, सगळं पसंत. मुलाच्या आईला मात्र एक शंका होती.

"घरून म्हंजी कोणाच्या घरून? म्हायेरच्या का सासरच्या? पगार कोणत्या घरात यायचा?"

ज्योती म्हणाली, "जिथं नेट चांगलं, तिथून!"

ते स्थळ गेलं. पुढचं स्थळ आलं ते आधी नेटचा स्पीड सांगत आलं.

*

पण कंपनीला खरं हैराण केलं ते स्वातीनं. म्हणजे तिचा दोष नाही, गावाचा आहे. तोही दोष म्हणवत नाही.

कंपनीची अट असते. काम करायची खोली वेगळी हवी, तिला आतून कडी लागणारं दार हवं. ग्राहकांची माहिती सुरक्षित राहायला पाहिजे ना! त्याची तपासणी व्हिडिओ कॉलवर होते. तपासायला पुण्याच्या एक नव्या मॅडम होत्या.

"स्वाती, दार दाखव."

स्वातीनं मोबाईल फिरवला. चौकट होती, पडदा होता.

"हे झालं. दार?"

"मॅडम, आमच्या गावात घरांना दार लावत नाहीत. पहिल्यापासून. शनिमहाराज राखतात."

मॅडम म्हणाल्या, "पण मग कोणीही आत येईल ना!"

आणि नेमका तेव्हाच पडदा बाजूला सारून शेजारच्या काकू वाटी घेऊन आत आल्या.

"बघ, आलं ना कोणीतरी?" मॅडम ओरडल्याच.

"येतात मॅडम. पण कुणी काही नेत नाही."

त्यावर काकू मोबाईलमध्ये डोकावून ठणकावून म्हणाल्या, "व्हय, नेनार हाय! दह्याला इरजन नेनार हाय!"

स्वातीच्या सासऱ्यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, "दार लावून पगार आनायचा आसंल तर तो पगार नगं." स्वाती दोन दिवस रडत होती. तिलाही या नोकरीची माझ्याइतकीच गरज. अखेर रेणुका मॅडमनी वरपर्यंत भांडून मंजुरी आणली. 'दार' या रकान्यात आजही लिहिलेलं आहे, 'श्रद्धेमुळे लागू नाही.'

*

आता माझ्या परीक्षेचा दिवस.

तयारी जय्यत होती. आत्या पाहुण्यांसाठी नव्हे, माझ्यासाठी दारात बसल्या होत्या, कुणी आलं तर परत पाठवायला! ओवीच्या बाबांनी सुट्टी काढली होती. ते तिला स्कूटरवरून बागेत नेणार. मी पंखासुद्धा बंद केला, उगाच आवाज नको.

कॉल आला. रेणुका मॅडम लाईनवर होत्या. त्यांनी फक्त ऐकायचं, एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा नियम. पलीकडे एक गृहस्थ. मशीन तिसऱ्यांदा बिघडलेलं, आणि दुरुस्तीवाला वेळ देऊन आलेलाच नाही. राग रास्त होता. पण ते जे सुरू झाले ते माझ्या शिक्षणापर्यंत पोचले!

"सॉरी सर," मी म्हटलं. ते आणखी चढले. "मनापासून सॉरी सर." माझा आवाज कापायला लागला. "सर, खरंच सॉरी..."

आणि ओढणीला हिसका बसला. खाली ओवी उभी! बागेत पोचायच्या आधीच शू लागली म्हणून वाटेतून परत आली होती, आणि आत्यांनी घरच्या माणसाला कशाला अडवायचं म्हणून आत सोडली होती. हेडफोन माझ्या कानावर. त्या गृहस्थांचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. तिला फक्त मी दिसत होते, डोळ्यांत पाणी आणून सॉरी सॉरी म्हणणारी.

ती खुर्चीवर चढली, माझ्या तोंडापुढचा माइक मुठीत धरला आणि म्हणाली,

"काका, माझी आई किती वेळा सॉरी म्हणाली. आता तुम्ही म्हणा."

संपलं. मला पुण्यातली खोली दिसायला लागली. रविवारसुद्धा दिसायला लागले.

मग तेच गृहस्थ अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "सॉरी, बाळा. ताई, तुम्हालाही सॉरी. तुमची चूक नाहीये."

आणि लाईनवर कुणीतरी फिस्सकन हसलं. रेणुका मॅडम! त्यांना माइक बंद करायचं भानच राहिलं नव्हतं. आता बोलणं भाग होतं. त्यांनी स्वतःची ओळख दिली, आजच्या आज माणूस पाठवते म्हणून शब्द दिला. गृहस्थांनी फोन ठेवला.

मग मला म्हणाल्या, "नियमानं तू नापास आहेस."

"येस मॅडम," मी म्हटलं.

"पण नियमानं कॉलमध्ये माझाही आवाज येता कामा नये. तुला नापास केलं तर मलाही करावं लागेल, आणि मला या वयात परत परीक्षा नाही द्यायची. सोमवारपासून पक्की झालीस. घरूनच."

मी हेडफोन काढला आणि ओवीला घट्ट धरलं. रडतही होते, हसतही होते. दारातून आत्या विचारत होत्या, "काय झालं गं? काय म्हन्ली मॅडम?"

ओवीनं माझा चेहरा दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवला.

"म्हणाले का काका सॉरी?"

"म्हणाले गं."

"कान धरून?"