एक जण अजून आत आहे

रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. फोन भोरच्या दवाखान्यातल्या शिंदे कंपाउंडरांचा. "ताई, रफिकभाई ग्येले. एष्टी स्टँडवर चालता चालता खाली बसले, अन् संपलंच." माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की आता मी भांडू कुणाशी! दोनच दिवसांपूर्वी आम्ही फोनवर कडाकडा भांडलो होतो. मी म्हणत होते, पेशंटची नोंद आधी पक्की करा, मग हवं तितक्यांदा वाचून दाखवा. ते म्हणत होते, वाचून दाखवल्याशिवाय पक्की करणार न्हाई म्हणजे न्हाई. मी फोन आपटला होता. तो आपटलेला फोन अजून माझ्या कानात आहे...

भोरच्या बाजारपेठेमागं त्यांचा दोन खोल्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. वरव्याहून एष्टीनं येऊन मी तिथं शिकले. महिन्याभरात मी त्यांच्याच चुका काढायला लागले, तेव्हापासून ते मला 'पुण्याची बाई' म्हणायचे. पुण्याला मी गेले त्यानंतर चार वर्षांनी. पुढं ट्रस्टच्या दवाखान्यानं डेटाबेसचं काम त्यांच्याकडं दिलं, तेव्हा मदतीला त्यांनी मलाच बोलावलं. काम साधं होतं, पण जोखमीचं. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या टीबीच्या पेशंटांची यादी ठेवायची. दर गुरुवारी सकाळी जीप गोळ्या घेऊन पाली, पासली अशी गावं करत जायची. यादीत नाव असेल त्याचीच पुडी बांधली जायची, आणि गोळ्यांत खंड पडला तर दुखणं दुप्पट जोरानं उलटतं.

ही यादी ज्यावर ठेवायची त्या दवाखान्यातल्या सर्व्हरनं पहिले दोन दिवस आमचा अंत पाहिला. सुरू करायला गेलं की शेअर्ड मेमरी मिळत नाही म्हणून बंद पडायचा. मशीनमध्ये मेमरी भरपूर होती, पण एका प्रोग्रॅमला एकगठ्ठा किती द्यायची याची सिस्टीमची मर्यादा अगदीच तुटपुंजी. "म्हणजे जागा हाय, पण परवानगी न्हाई," रफिकभाई खूश होऊन म्हणाले. आम्ही मर्यादा वाढवली आणि गाडी चालू झाली. शेअर्ड मेमरी म्हणजे काय, असं शिंद्यांनी विचारलं, तेव्हा भाईंनी सांगितलं, "सतरंजी समजा. सगळे एकाच सतरंजीवर बसून काम करत्यात. शेवटचा माणूस उठल्याशिवाय ती गुंडाळता येत न्हाई, अन् जुनी गुंडाळल्याबिगर त्याच जागी नवी टाकता येत न्हाई."

नावाच्या बाबतीत मात्र ते हट्टी. गावातून चिठ्ठीवर आलेलं नवीन पेशंटचं नाव भरायचं, आणि ज्यानं चिठ्ठी दिली त्याला गाठून ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो 'व्हय' म्हणेपर्यंत नोंद तशीच अर्धी उघडी. पक्की होईपर्यंत ती नोंद दुसऱ्या कुणाला दिसत नाही; भरणाऱ्याच्या स्क्रीनवर तेवढी असते. मी ओरडायचे, "अहो, मध्येच लाईट गेली तर नोंद पुसली जाईल ना!" त्यावर त्यांनी घरी ट्रकची ब्याटरी आणून इन्व्हर्टर जोडला, पण सवय काही सोडली नाही. दवाखान्याच्या खिडकीतून पत्र्यांवरून त्यांनी घरापर्यंत केबल ओढली होती आणि बरंचसं काम घरूनच करायचे.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, मी सर्व्हरची काही सेटिंग बदलायला भोरला गेले. भर दुपार होती. मी सर्व्हरला रीतसर थांबायला सांगितलं. तो थांबेना. स्क्रीनवर नुसते ठिपके उमटत राहिले, एकामागून एक... आत जोडलेले लोक बाहेर पडायची वाट बघत होता तो. शिंद्यांना विचारलं, कुणी काम करतंय का? "न्हाई ताई, समद्या मशिनी बंद." माझा स्वभाव तर तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. दहा मिनिटं ठिपके बघितले आणि मुख्य प्रोग्रॅम सरळ मारून टाकला. पुन्हा सुरू करायला गेले तर तो सुरूच होईना. आधीची शेअर्ड मेमरी अजून वापरात आहे, असं सांगायला लागला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. यादी छापली नाही तर डोंगरात एकही पुडी जाणार नव्हती, आणि हे माझ्या उतावीळपणामुळं. त्या मेमरीला कोण चिकटलंय ते बघितलं. जोडलेले: एक. म्हटलं जाऊ दे, मशीनच बंद करून चालू करू, असेल तो जाईल. बटणावर बोट ठेवलं, आणि सहज म्हणून नाव बघितलं. रफिक. आत आल्याची वेळ, ते गेले त्या दिवशीची सकाळ.

कॉम्प्युटरमध्ये भूतबीत नसतं हे मी दहा वर्षं लोकांना सांगत आले होते, पण बोट आपोआप मागं आलं. खिडकीतून बाहेर बघितलं. पत्र्यांवरून ती काळी केबल त्यांच्या घराकडं गेली होती. मी तिच्याखालून चालत गेले.

भाईंच्या पत्नी शबानाभाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर बायकोनं घरातच राहायचं, परपुरुषासमोर यायचं नाही, असे ते दिवस. त्यामुळं शिंदे वगैरे सगळे उंबऱ्यातूनच परतले होते. भाभींनी मला आतल्या खोलीत नेलं. दवाखान्यात जनरेटर होता, इथं लाईट गेलेली होती. दिवा नाही, पंखा नाही, खोली उकडून निघालेली, आणि टेबलाखाली कॉम्प्युटर मात्र घुंऽऽ करत चालू.

"बंद का नाही केला भाभी?"

"त्ये म्हणाले, बंद करू नको, स्टँडवर जीपच्या ड्रायव्हरला वाचून दावतो अन् आलोच." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "म्हणून न्हाई केला. लाईट गेली की ब्याटरी ह्यालाच. आमी अंधारात जेवतो. काच तेवढी बंद ठिवते."

मी स्क्रीनचं बटण दाबलं. काच आधी काळीच राहिली, मग हळूहळू आतून अक्षरं वर आली. ताराबाई, पासली. नवीन पेशंट. पहिली पुडी येत्या गुरुवारी. खाली कर्सर लुकलुकत होता, जणू माणूस पाणी प्यायला उठलाय.

तो 'येता' गुरुवार होऊन तीन गुरुवार गेले होते. ताराबाई नावाची बाई जगातल्या कुठल्याच यादीत नव्हती, फक्त या काचेवर होती. आणि मी दवाखान्यातलं ते बटण दाबणार होते!

शिंद्यांना फोन केला. जीपचा ड्रायव्हर तिथंच होता. मी मोठ्यानं वाचलं, "ताराबाई, पासली, नवीन." तो म्हणाला, "व्हय, व्हय, बराबर! म्याच दिली हुती चिठ्ठी. पर पुडी काय आली न्हाई, म्हटलं डाक्टरनंच नको म्हटलं आसंल."

मुख्य प्रोग्रॅम मी मारलेला, ही जोडणी तेवढी उरलेली. नोंद घेतली जाईल की नाही, मला खात्री नव्हती. नाव कागदावर उतरवून घेतलं आणि भाभींना म्हटलं, "तुम्ही दाबा." त्यांनी पदरानं बोट पुसलं आणि एंटर दाबलं. क्षणभर काहीच नाही... मग एक ओळ उमटली. नोंद पक्की झाली होती. मी ती जोडणी मिटवली आणि दवाखान्याकडं पळाले. सर्व्हर पहिल्याच हाकेला सुरू झाला.

छापलेली यादी घेऊन मी पुन्हा भाभींकडं आले. ताराबाईंचं नाव शेवटी होतं. पुढं नोंद करणाऱ्याचं नाव, रफिक, आणि वेळ. काम ज्या क्षणी सुरू झालं तीच वेळ मशीन लिहितं, हे मला पाठ आहे. तरी ते गेले त्या दिवशीची, सकाळी अकराची वेळ मी दोनदा वाचली. भाभींनी कागद हातात घेऊन नवऱ्याच्या नावावर अंगठा ठेवला.

"म्हंजी काम झालं त्यांचं?"

"झालं भाभी. पूर्ण झालं."

"मग आता बंद करू?"

मी मान डोलावली. त्या खाली वाकल्या आणि त्यांनी बटण दाबलं. घुंऽऽ बारीक होत होत थांबलं. खोलीत इतकी शांतता झाली, की बाहेर पत्र्यावर चालणारा कावळा ऐकू येत होता.

"आत्ता ग्येले," भाभी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.