प्रेमाताईंचं बिनवासाचं पाणी

प्रेमा गद्रे पुण्याहून एम.एस्सी. होऊन बंगळूरच्या सरकारी प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा तिथल्या पुरुषांना वाटलं, बाई चार दिवस काचेच्या नळ्या धुतील आणि लग्न करून जातील. बाईंनी लग्न केलं, जयनगरात संसार मांडला आणि प्रयोगशाळाही सोडली नाही. बाई हट्टीच! असल्या हट्टी माणसांवर आपला फार जीव आहे.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. बंगळूरबाहेर आनेकलजवळ विणकरांची एक वसाहत होती. रेशीम रंगवल्याचं पाणी मुरून मुरून तिथल्या विहिरीला असा वास सुटला होता, की पाणी उकळलं तरी जाईना. बायका लांबच्या तळ्यावरून घागरी आणत. वसाहतीचा पुढारी कल्लाप्पा, मूळचा निपाणीकडचा. त्याची लेक तानू त्या तळ्याच्याच पाण्यानं विषमज्वर होऊन गेली होती.

प्रेमाताईंनी ती विहीर मनावर घेतली. विजेच्या यंत्रातून हवेचा ओझोन करायचा आणि तो पाण्यात सोडायचा. एकट्या ओझोननं वास हटेना, तेव्हा त्यांनी जोडीला थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं आणि वास पळाला. पण ओझोन पाण्यात टिकत नाही. टाकीत पुन्हा जंतू वाढू नयेत म्हणून शेवटी थोडी ब्लीचिंग पावडर लागायचीच.

वसाहतीतल्या नव्या नळाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाईंना मोह झाला. प्रयोगशाळेचे मोठे साहेब येणार, त्यांच्या नाकाला कणभरही वास नको! त्यांनी पेरॉक्साइडची धार वाढवली. अति तेथे माती म्हणतात ते काही उगाच नाही.

सकाळी साहेबांनी पेला हातात घेतला. प्रेमाताईंनी सवयीनं थोडं पाणी नळीत धरून तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन पाण्यात असला की ते पिवळं होतं. ते झालंच नाही. उरलेल्या पेरॉक्साइडनं सगळा क्लोरीन खाऊन टाकला होता. गप्प बसल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं.

"साहेब, पिऊ नका," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. आज नळ सुरू होणार नाही."

साहेब घड्याळ बघत गाडीत बसले. कल्लाप्पा लालबुंद झाला.

"अक्का, काय हे! स्वल्प तरी आमच्या अब्रूचा विचार करायचा. पाणी तर चांगलं दिसतंय की!"

प्रेमाताईंनी नजर चुकवली नाही. "कल्लाप्पा, तळ्याचं पाणीही चांगलंच दिसत होतं."

कल्लाप्पानं होकारार्थी मान हलवली. मग "सरी, अक्का," एवढंच म्हणाला आणि नळापाशी जाऊन उभा राहिला. बायका घागरी घेऊन ताटकळल्या होत्या. रांगेत सगळ्यांत पुढे त्याचीच बायको होती, ठकुबाई. तिची घागर त्यानं रिकामीच परत पाठवली.