एकोणीस वेळा जोडलेलं फोल्डर

"मॅडमला इंग्रजी लई येतं, पण काम व्हायचं असंल तर धर्मापुरीच्या पोरीला हाक मार," लॅबच्या दारात शिपाईमामा एका विद्यार्थ्याला सांगत होते. मॅडम म्हणजे मी. मी आतच होते, कपाटामागे, केबल गुंडाळत.

कॉलेजच्या लॅबमध्ये मी आणि ती धर्मापुरीची, आम्ही दोघी सहायक. मुलांच्या फाईली सर्व्हरवर असतात. ते फोल्डर आमच्या जुन्या युनिक्स मशीनला नेटवर्कवरून जोडावं लागतं, आणि त्याची कमांड तिच्या वहीत लिहिलेली होती. कुणी "फाईल दिसत न्हाई" म्हटलं की ती वही उघडून तीच ओळ टाइप करायची. "बघ आता." तेवढ्यात मुलाला फाईल भलत्याच नावाने सापडलेली असायची, पण श्रेय हिला. शेतातली सीताफळं कुणी आणली की पहिली पिशवी हिला. मला कुणी विचारलं नाही, आणि मला सीताफळं फार आवडतात.

एकदा ती जेवायला गेली तेव्हा मी मशीनवर काय काय जोडलंय ते पाहिलं. तेच फोल्डर, त्याच जागी, एकोणीस वेळा. सतरंजीवर सतरंजी अंथरत जावी तसं. वरची काढली की खाली पुन्हा तीच. तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी यादी बंद केली आणि वाट पाहत राहिले.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सर्व्हर बंद करून डिस्क बदलायची होती. त्याआधी लॅबप्रमुख सरांनी मशीनला जोडलेलं फोल्डर काढलं, ते तिथंच. पुन्हा काढलं, तरी तिथंच.

"हे कोणाचं काम?"

"माजंच, सर," ती म्हणाली. "दिसत न्हाई म्हनले की परत जोडायची मी. एकावर एक बसतंय, हे ठाऊक न्हवतं."

"मग पुढच्या महिन्यात तुला ठेवायचं का, बघावं लागेल."

हा प्रसंग मी मनात कितीदा रंगवला होता. त्यात ती रडायची. इथे ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमाला काढता येतंय का हो?"

मी बसले. एकेक थर काढत गेले. आता ते एकतीस झाले होते.

"बरं झालं, मॅडमच्या लगेच लक्षात आलं," सर म्हणाले. मामा दारात उभे राहून ऐकत होते.

"लगेच नाही, सर," मी म्हणाले. "मला पंधरा दिवसांपासून माहीत होतं."