कुलपाच्या शेजारचं घर

जनावरांच्या दवाखान्याला लागून घर असलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते आपणहून येतात. कधी चार पायांवर, कधी टेम्पोत, आणि एकदा तर एक किस्सा शाळेच्या दप्तरातून आला होता, फक्त शेपूट बाहेर!

आमचं गाव मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. दवाखाना सकाळी उघडतो, दुपारी बंद होतो. रविवारी आणि सणावारी उघडतच नाही. डॉक्टर एकच, आणि त्यांच्याकडं आणखी दोन गावांचे दवाखाने. आता जनावराला काय कळतं आज सुट्टी आहे ते? ते नेमकं सुट्टीलाच पडतं. माणसं धावत येतात, कुलूप बघतात, आणि मग माझ्या ओटीकडं बघतात.

कारण दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला डॉक्टरांचा नंबर पावसानं धुऊन गेलाय, आणि मला तो तोंडपाठ आहे. अक्षर मला एक वाचता येत नाही. हे सुद्धा मी बोलत गेले आणि अंगणवाडीच्या बाईंनी लिहून घेतलं. पण ते दहा आकडे मी ओवीसारखे म्हणते. कुणी रडत आलं तरी त्याच चालीत!

घरात मी एकटी. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सुरेश कल्याणला, चौथ्या मजल्यावर. तो मला न्यायला बघतो आणि मी न जायला. शेवटी आमचा तह झाला तो चिंधीवरून. चिंधी म्हणजे मालकांची तांबडी कुत्री. सोसायटीत कुत्रं चालत नाही, आणि तिला टाकून मी हलणार नाही. सुरेश म्हणाला, "बरं आये. चिंधी हाय तोवर रहा हितं. ती गेली का मंग माझं ऐकायचं."

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन. आधी विचारतो, "चिंधी कशी हाय?" माझा नंबर दुसरा!

*

माझ्या परसाच्या पलीकडं कमळचं घर. तिच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. पत्रिका छापून आल्या, कमळनं हळदीकुंकू लावून गठ्ठा कोनाड्यात ठेवला, शेजारी अक्षतांचे तांदूळ. आणि रविवारी दुपारी बोंबलत आली, "काकी, नंबर सांगा! राणी फुगली!"

राणी तिची बकरी. पोट बघावं तर नगारा.

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "काय खाल्लं तिनं?"

मीच विचारलं, "बोल की गो, काय खाल्लं?"

"पत्रिका," कमळ म्हणाली. "आणि वरनं अक्षता."

"किती पत्रिका?" डॉक्टर.

"गठ्ठाच. देवापुढं ठेवायची पयली, ती पन. देवाच्या आधी हिला आवतान गेलं हो!"

डॉक्टर म्हणाले, कागदाचं सोडा, तांदळानं फुगलीय, गोडं तेल पाजा आणि चालवा. मग काय, कमळनं दावं धरलं, मी मागनं ढकललं, आणि आमची वरात बंद दवाखान्याला फेऱ्या घालत राहिली. कितव्या फेरीला देव जाणे, राणीनं अशी ढेकर दिली की फोनमध्ये डॉक्टरांना ऐकू गेली.

"आली ढेकर?" ते म्हणाले. "मग पत्रिका पोचली म्हणायची!"

*

नामाभावजी माझे चुलतदीर. त्यांच्याकडं ढवळ्या नावाचा एकच बैल. जोडीतला दुसरा मागंच गेला. शेत आता ट्रॅक्टरनं होतं, तेव्हा ढवळ्याला काम काहीच नाही. सकाळी भावजी त्याला बाहेर बांधतात, संध्याकाळी आत बांधतात. बायको गेली, पोरं भिवंडीला. दिवसभर दोघं एकमेकांकडं बघत बसतात.

धुळवडीला ढवळ्या धापा टाकायला लागला. भावजी त्याला घेऊन आले, आणि कुलूप. मी नंबर म्हटला. डॉक्टरांनी विचारलं, "श्वास कसा घेतोय? आवाज येतोय का? असं करा काका, फोन बैलाला लावा, मी ऐकतो."

भावजींनी फोन नेला आणि ढवळ्याच्या कानाला लावला. नीट, अगदी आत घालून. आणि आम्हाला बोटानं गप्प राहा म्हणून खुणावलं. डॉक्टर तिकडं ऐकायला बसलेले, ढवळ्या इकडं ऐकायला उभा! बराच वेळ दोघांतलं कुणीच बोलेना.

शेवटी भावजी फोनमध्ये ओरडले, "बोला डॉक्टर, तो ऐकतोय!"

संध्याकाळी डॉक्टर आले, सुई टोचली, आठवड्यात ढवळ्या बरा झाला. पुढच्या रविवारी भावजी पुन्हा ओटीवर हजर.

मी घाबरले. "काय झालं? बैल कुठं हाय?"

"तो बरा हाय, वयनी," भावजी म्हणाले आणि खांबाला टेकून बसले. "मीच आलो."

*

आमच्याकडं आता डोंगराच्या बाजूनं बंगले झालेत. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात. एका चैत्रात भर दुपारी एक मॅडम मोटारीतनं उतरल्या. वय माझ्याहून थोडं कमी. मागं कुत्रा. कुत्रा कसला, ढगच तो! बर्फाच्या देशातला, एवढाल्या केसांचा. जीभ हातभर बाहेर, पाय लटपटत होते.

"आजी, इथे चोवीस तास इमर्जन्सी नाही का?"

"हाय की," मी म्हटलं. "मीच."

नंबर म्हटला. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाणी घाला, ओल्यात बसवा, वारा घाला. पंखा कुठला लावता, लाइट सकाळपासून गेलेली. माझ्या भांडी घासायच्या मोरीत त्याला बसवला, घागरी ओतल्या, मॅडम माझ्या सुपानं वारा घालायला बसल्या. नखं रंगवलेली, पण सूप धरलं चांगलं! तास-दीड तासानं कुत्र्यानं मान वर केली आणि माझं तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

मग मॅडम बोलायला लागल्या. दोन पोरं, दोन्ही परदेशात. "रोज व्हिडिओ कॉल करतात," म्हणाल्या. "पण म्हणतात, आई, तू बाजूला हो, ब्रूनोला दाखव."

मी म्हटलं, "माझा पन तसलाच हाय."

कुत्रा बरा झाला तरी मोरीतनं उठेना, आणि मॅडम ओटीवरनं उठेनात. ऊन उतरल्यावर निघाल्या तेव्हा घर एकदा आत-बाहेर बघून म्हणाल्या, "एकट्या राहता? भीती नाही वाटत?"

"भीती कसली?" मी म्हटलं. "शेजारी सरकारी कुलूप हाय ना!"

*

डॉक्टर लातूरकडचे. वय असेल पस्तीस. बायको आणि लहान मुलगी गावी, हे मुरबाडला एका खोलीत. एका रविवारी मोटारसायकल माझ्या दारात थांबली. कुणी बोलावलं नव्हतं.

"आजी, कुणी आलं होतं का?"

"नाय बा."

"कुणाचं काही दुखणंबिखणं?"

"काय नाय."

"बरं," म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. चिंधीचे कान तपासले, दात बघितले, गोचिड्या काढल्या. काढायला काही राहिलं नाही तरी काढत होते. मग म्हणाले, "दिवसभर फोन येतात, आजी. गाय जेवत नाही, म्हैस जेवत नाही, शेळीनं तोंड लावलं नाही. पण तुम्ही जेवलात का डॉक्टर, असं एकानं विचारलं नाही."

मी विचारलं, "जेवलात का?"

"नाही."

नाचणीची भाकरी टाकली, बोंबलाची चटणी वाढली. पहिली भाकरी अर्धी झाली आणि फोन वाजला. कुणाची तरी गाय अडली होती. हात धुऊन पळाले. उरलेली अर्धी चिंधीनं खाल्ली. तिला मात्र कुणाचा फोन येत नव्हता!

*

दसऱ्याच्या दिवशी चिंधीनं अन्न सोडलं. मग पाणीही सोडलं. दुपारपर्यंत मान जमिनीला. शेजारी कुलूप. इतकी वर्षं लोकांना नंबर सांगितला, पण त्या दिवशी माझ्या फोनवर माझ्याच हातानं आकडे दाबताना दोनदा चुकले.

डॉक्टरांनी विचारलं, "ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा, आजी."

हे काम मी नेहमीच करते. लोक घाबरलेले असतात, त्यांना रंग सांगता येत नाही, म्हणून मी बघते आणि सांगते. कोकमाच्या सारासारख्या, नायतर भिजल्या पोह्यांसारख्या. डॉक्टरांना तेवढ्यावर कळतं.

चिंधीचा ओठ वर केला. बघितलं. आणि मी म्हटलं, "बऱ्या हायेत."

डॉक्टर म्हणाले, "निघालो."

इस्त्रीचा सदरा घालून आले, खिशात आपट्याची पानं. सलाईनची बाटली माझ्या कंदिलाच्या खुंटीला टांगली. गोचिडाचा ताप, रक्त पार कमी झालेलं. मी विचारलं, "मी तर बऱ्या म्हनलं. मंग आलात कशाला?"

"बऱ्या असत्या तर कशासारख्या ते सांगितलं असतं तुम्ही."

चार दिवस ते रोज आले. दसऱ्याला लागून आलेल्या सुट्ट्या संपल्या, पाचव्या दिवशी दवाखाना उघडला. मी चिंधीला गोणपाटात उचलून नेलं, रांगेत बसले. आमचा नंबर आला, डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती गेली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच चिंधीबाई वेळेत दवाखान्यात आली होती!

डॉक्टरांनी मग कुणालाच आत बोलावलं नाही थोडा वेळ. कमळ आणि भावजींनी परसात फणसाखाली खड्डा केला.

*

रविवारी सुरेशचा फोन आला. "आये, चिंधी कशी हाय?"

मी म्हटलं, "निजलीय."

खोटं नव्हतं. पुढच्या रविवारी विचारलं, तेव्हा म्हटलं, "फणसाखाली हाय." तेही खोटं नव्हतं. फोन ठेवला की मात्र घर असं गप्प व्हायचं की मी उगाच ताटली आपटायची. रात्रीची एक भाकरी जास्तच व्हायची, आणि सकाळी ती कुणाला घालायची ते कळायचं नाही. भावजी ओटीवर येऊन बसायचे.

तिसऱ्या रविवारी सुरेश म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. गाडी घेऊन."

गाडी घेऊन! एवढंच मी कमळला सांगितलं. तहाचं तिला ठाऊकच होतं. आठवडाभर मी पितळेची भांडी घासून फळीवर पालथी घालत होते. बंद घरात भांडी पालथी ठेवतात.

रविवारी सकाळी दार उघडलं तर ओटीच्या खांबाला एक तांबडं कुत्रं बांधलेलं. तसंच तांबडं, तसाच एक कान पडलेला. गळ्यात चिंधीचा पट्टा. तो मी दवाखान्यातच विसरले होते. ओटीवर भावजी बसलेले, वर पत्र्याकडं बघत. कमळ माझं अंगण झाडत होती, जे तिनं जन्मात झाडलं नव्हतं.

"हे कुनी आनलं?" मी विचारलं.

"काय ते?" भावजी म्हणाले.

सुरेश दहाला आला. जेवला. चारदा म्हणाला, कोंबडी छान झालीय. घरभर फिरला, पालथी भांडी बघितली, मागच्या दारात उभा राहून बराच वेळ फणसाकडं बघितलं. मग ओटीवर येऊन कुत्र्यापुढं उकिडवा बसला. "काय चिंधे!" म्हणाला. कुत्र्यानं शेपूट हलवली, त्याचा हात चाटला. भावजींनी पत्र्याकडची नजर खाली आणली नाही.

निघायची वेळ झाली. मी पदर सारखा केला. सुरेश मोटारीशी गेला. तेवढ्यात खांबाचं दावं सुटलं. कुत्रं ऐटीत सुरेशच्या मागनं गेलं, मोटारीला एक फेरी मारली, आणि मागच्या चाकावर टांग वर करून धार सोडली. अगदी सावकाश.

भावजींना खोकला लागला. कमळ झाडू टाकून घरात पळाली.

सुरेशनं चाकाकडं बघितलं. मग कुत्र्याकडं. मग माझ्याकडं. दार उघडून गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "तब्येत लय सुधारली गो हिची, आये. जप तिला."

आणि गाडी चालू केली.